झाडांच्या टाकीत गोगलगायी: ठेवाव्यात की काढाव्यात?

काठावरचा

टाकी २ फूट बाय १ फूट बाय सव्वा फूट. वाळू-दगड वजा जाता पाणी ६० लिटरच्या आसपास. हायग्रोफिला, वॅलिस्नेरिया, दोन क्रिप्टोकोरीन, लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न. १२ निऑन टेट्रा, ६ कोरी (तळाशी राहणारे मासे). सीओटू, म्हणजे झाडांसाठी सोडतात तो कार्बन डायऑक्साइड, नाही. १८ वॅटचा एलईडी रोज ९ तास. पाणी नळाचं, म्हणजे धरणाचं.

झाडांबरोबर बारीक शंख आले आणि आता काचेवर, पानांखाली, फिल्टरच्या स्पंजात, सगळीकडे तेच. तपकिरी, ठिपक्यांचे, मोठ्यात मोठा सेंटिमीटरभर. हायग्रोफिलाच्या खालच्या पानांना भोकं पडतायत आणि प्रत्येक भोकाशी एक-दोन शंख हजर. जावा फर्नच्या जुन्या पानांचीही तीच गत.

दुकानदार म्हणतो चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, दोन दिवसांत साफ. नेटवर अर्धे लोक शंखांना फुकटचे सफाई कामगार म्हणतात, उरलेले अर्धे झाडांचे शत्रू. जाणकारांनी कृपया सांगावं: शंख झाडांना मदत करतात की त्रास देतात? आणि मोरचूद टाकू का?

पाणकणीस

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते तातडीचं आहे. मोरचूद अजिबात टाकू नका.

हिशेब करा. मोरचुदाच्या खड्यात वजनाच्या साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. चिमूट पाव ग्रॅमची धरली तरी ६० लिटरला लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या वर तांबं जातं. समुद्री माशांच्या रोगावर तांब्याचा इलाज करतात तो लिटरमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅमला, आणि तोही क्षारांनी भरलेल्या पाण्यात, रोज टेस्ट किटने मोजून. धरणाच्या मऊ पाण्यात तेच तांबं माशांना जास्त बाधतं. शंख मरतील हे खरं, पण निऑनही जातील.

समजा मासे तगले, तरी पुढचा प्रकार उरतोच. शेकडो शंख एका रात्रीत मेले की वाळूत, स्पंजात, लाकडाच्या सांदीत सडतात आणि अमोनिया चढतो. तांबं वाळूत आणि मातीत धरून बसतं, पाणी बदललं तरी सगळं निघत नाही. पुढे कधी श्रिम्प सोडावेसे वाटले तर अवघड. वॅलिस्नेरिया आणि मॉससुद्धा तांब्याला नाजूक.

(खताच्या बाटलीवर तांबं लिहिलेलं बघून घाबरू नका. नेमून दिलेल्या मात्रेत ते लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी पडतं आणि बहुधा चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधलेलं असतं.)

बोलघेवडा बोंबील

गोगलगाय अन् पोटात पाय ही म्हण ज्याने काढली त्याच्याकडे प्लांटेड टाकी असणार.

बाकी, खुबे-तिसऱ्यांसारखं सुकं होईल का यांचं?

अनुबियासवाली

@बोलघेवडा, सेंटिमीटरभराच्या शंखाचं सुकं करायला पोतंभर लागतील. वाट बघा, काठावरच्यांकडे तेवढे होतीलच.

@काठावरचा, "शंख" एवढ्यावर कुणी खरं उत्तर देऊ शकणार नाही. आधी जात ओळखा. एक शंख काढून टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड डाव्या हाताला आलं तर फायसा, ज्याला ब्लॅडर स्नेल म्हणतात. उजव्या हाताला आलं तर लिम्निया. दुकानात दोघांनाही पाँड स्नेलच म्हणतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. खात्रीसाठी मिशा बघा: फायसाच्या दोऱ्यासारख्या बारीक, लिम्नियाच्या रुंद, चपट्या, त्रिकोणी. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून चालतो.

फरक महत्त्वाचा, कारण फायसा शेवाळ, मेलेलं पान आणि माशांचं उरलेलं अन्न खातो, निरोगी पानाला सहसा तोंड लावत नाही. लिम्निया लावते, विशेषतः मोठी आणि भुकेली असली तर.

अंडीही बघून ठेवा. फायसाची अंडी म्हणजे पारदर्शक जेलीची लांबुळकी पट्टी, काचेवर आणि पानाच्या मागे. रॅम्सहॉर्न या चपट्या गुंडाळीच्या गोगलगायीची चपटी गोल चकती, किंचित पिवळसर. मलेशियन ट्रम्पेट ही वाळूत राहणारी गोगलगाय अंडी घालतच नाही, थेट पिल्लं देते.

दगडफूल

भोकांबद्दल. शंख भोकाशी सापडला म्हणून भोक त्यानेच पाडलं असं होत नाही. खालच्या, जुन्या पानांवर आधी टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी किंवा काळे ठिपके, मग ठिपक्याभोवती पिवळी कड, मग मधला भाग गळून भोक, हा पोटॅशियमच्या कमतरतेचा नमुना आहे. हायग्रोफिला आणि जावा फर्न ही दोन झाडं तो सगळ्यात आधी दाखवतात, आणि तुम्ही नावं नेमकी तीच दोन घेतलीत. पोटॅशियम झाडाच्या आत हलू शकतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्या शेंड्याला देतं, म्हणून वरची पानं धड आणि खालची चाळण. मेलेला भाग मऊ पडला की शंख येऊन तो साफ करतो.

शंखाने खाल्लेलं पान वेगळं दिसतं. कोवळी पानंही सुटत नाहीत, कडा कातरल्यासारख्या दिसतात, किंवा वरचा थर खरवडून मागे जाळी उरते. पिवळी कड नसते. खात्री करायची तर एक धडधाकट पान खूण करून ठेवा आणि टाकीचे दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च मारून बघा.

उपाय स्वस्त आहे. कृषी सेवा केंद्रात ००:००:५० मिळतं, द्राक्षवाले ड्रिपमधून सोडतात तेच, म्हणजे पोटॅशियम सल्फेट. पिशवीवरचे ५० टक्के हे पोटॅशच्या हिशेबात असतात, त्यात शुद्ध पोटॅशियम सुमारे ४१ टक्के. १०० लिटर पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम पोटॅशियम वाढवायला साधारण २.४ ग्रॅम लागतं. तुमच्या ६० लिटरला दीड ग्रॅम. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदललं की दीड ग्रॅम कपभर पाण्यात विरघळवून टाका. दागिने तोलायचा छोटा वजनकाटा वापरा, चमच्याच्या अंदाजाने नको.

पडलेली भोकं भरून येणार नाहीत. तीन आठवड्यांनी नवी पानं बघून ठरवा.

कातरकाम

सगळे शंखांचे वकील दिसतायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

शोसाठी लावलेल्या टाकीत शंख नकोतच. मलेशियन ट्रम्पेट वाळूत शिरून माती हलवते हे गुण म्हणून सांगतात, पण नुकतं लावलेलं मॉन्टे कार्लो किंवा हेअरग्रास (जमिनीलगत पसरणारी बुटकी झाडं) मुळं धरायच्या आधीच ती उपटून वर आणते. चिमट्याने लावलेल्या काड्या सकाळी पाण्यावर तरंगताना दिसतात. माती आणि वर वाळूचा थर अशी टाकी असेल तर थर पातळ असल्यास खालची माती वर येते. अशा टाकीत वाळू इंचभर तरी हवीच.

नेराइट जातीची गोगलगाय शेवाळाला उत्तम, मान्य. पण लाकडावर आणि काळ्या दगडावर तिळासारखी पांढरी अंडी चिकटवते. गोड्या पाण्यात ती वाढत नाहीत (पिल्लांना निमखारं पाणी लागतं) आणि सहजी निघतही नाहीत. काचेवरची ब्लेडने खरवडता येतात, लाकडावरची तशीच राहतात.

शिवाय स्नेलमुळे टाकी स्वच्छ राहते हा गैरसमज आहे. गोगलगाय कचरा नाहीसा करत नाही, बारीक करते. पानातलं नायट्रोजन-फॉस्फरस तिच्या विष्ठेतून पाण्यातच परत येतं. टाकीतून बाहेर काय जातं? तुम्ही छाटून फेकलेली झाडं आणि बदललेलं पाणी, बस.

पाणकणीस

@कातरकाम, शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण त्यातूनच फायदाही निघतो. अख्खं पान सडायला आठवडे लागतात, त्यावर बुरशी आणि शेवाळ धरतं. शंखाने ते बारीक केलं की अमोनियम लवकर सुटतो आणि वाढत्या झाडांना लगेच मिळतो. झाडं भरगच्च आणि वाढती असतील तर हे खतच. झाडं चार आणि मासे चाळीस असतील तर तोच अमोनिया शेवाळाला जातो. म्हणजे शंख चांगला की वाईट हे झाडांच्या वाढीवरही ठरतं.

दुसरं म्हणजे पानावरचा थर. पानावर शेवाळाचा पातळ पापुद्रा बसला की उजेड आणि सीओटू दोन्ही अडतात. स्वीडनच्या ख्रिस्टर ब्रोन्मार्क यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गोगलगायी असलेल्या पाण्यात हॉर्नवर्ट हे पाणझाड जास्त वाढलं, कारण त्या पानावरचं शेवाळ खरवडत होत्या, पान नाही. अनुबियाससारख्या संथ झाडाला हे सगळ्यात जास्त लागू. त्याचं पान वर्षभर टिकतं, तेवढ्यात त्यावर हिरवे टिपके घट्ट बसतात. ते नेराइट काढते, रॅम्सहॉर्नच्या आवाक्यातलं काम नाही ते.

काळं दाढीवालं शेवाळ मात्र कुठलीच गोगलगाय भरवशाने खात नाही. त्यासाठी स्नेल विकत घेऊ नका.

टेट्राकाकू

+१. अनुबियासवर हिरवे टिपके येतच राहिले तर दिव्याचे तास आणि फॉस्फेटही बघा. ९ तास जास्त आहेत. ७ वर आणा.

बोअरवाला

थोडं अवांतर. रॅम्सहॉर्नच्या शंखांना टोकाशी पांढरे खड्डे पडतायत. सीओटू चालू आहे, पीएच ६.४. पाणी आता नगरपालिकेचं, आधी बोअरचं होतं तेव्हा असं नव्हतं. कॅल्शियमची गोळी टाकू?

अनुबियासवाली

@बोअरवाला, नाव बदला आता.

बोअरचं पाणी जड, त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर. धरणाच्या पाण्यात दोन्ही कमी. शंख मुळात कॅल्शियम कार्बोनेटचा. पाणी मऊ आणि आम्ल असेल तर तो विरघळतो. टोक आधी जातं, कारण तो सगळ्यात जुना भाग आणि वरचं साल तिथे झिजलेलं असतं.

जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) ६ ते ८ आणि केएच (बायकार्बोनेटचा जडपणा) ४ च्या आसपास ठेवा. १०० लिटरला ३ ग्रॅम जिप्समने जीएच साधारण १ अंशाने वाढतो आणि ३ ग्रॅम खायच्या सोड्याने केएच १ अंशाने. आकडा दोन्हीला सारखाच, लक्षात ठेवायला सोपं. खायचाच सोडा, धुण्याचा नाही, त्याने पीएच एकदम उडतो. दिवसाला एक अंशापेक्षा जास्त नको. जिप्सम सावकाश विरघळतं, पाणी तासभर पांढुरकं दिसलं तर घाबरू नका.

मोजामोजीचा कंटाळा असेल तर समुद्रफेसाचा तुकडा. पक्ष्यांचं खाद्य मिळतं तिथे मिळतो. फिल्टरमध्ये ठेवा, वर तरंगू देऊ नका. अंड्याची टरफलं उकळून टाकतात, पण ती फार सावकाश विरघळतात. औषधाच्या दुकानातली गोळी नको, त्यात साखर, रंग, चव, जीवनसत्त्व काय काय असतं.

कातरकाम

यात एक भर. सीओटूने पीएच ६.४ वर ठेवणार असाल तर केएच वाढवूनही झीज पूर्ण थांबणार नाही. कॅल्शियम दिल्याने नवा शंख नीट बनेल, जुना झिजत राहील. हाय-टेक, म्हणजे सीओटूवाल्या टाकीत शंख देखणे दिसावेत ही अपेक्षाच सोडा. पडलेला खड्डा परत भरत नाही.

बोलघेवडा बोंबील

म्हणजे सीओटूवाल्यांच्या टाकीत शंखाची झीज आणि बाकीच्यांच्या टाकीत शंखांची फौज. मधलं काही नाही का?

मांजरबोका

एवढी चर्चा कशाला? चार पी पफर (शंख खाणारे छोटे मासे) सोडा, आठवड्यात शंख गायब.

पाणकणीस

@मांजरबोका, आणि पुढच्या आठवड्यात निऑनचे पंख. पी पफर इंचभराचा असला तरी लांब पंखांचे आणि संथ मासे टोचतो. त्यात शंख संपले की तो सुकं खाद्य सहसा घेत नाही, ब्लडवर्म (लाल अळ्या) नाहीतर जिवंत खाद्य रोज पुरवावं लागतं. ६० लिटरच्या चालू टाकीत शंखांसाठी पफर म्हणजे रोगापेक्षा इलाज भारी. तो मासा केरळातल्या नद्यांचा, निसर्गात असुरक्षित यादीत आहे. पाळायचाच तर त्याच्यासाठी वेगळी, झाडांनी भरलेली टाकी करा आणि त्याला पोसायला शंख मुद्दाम वाढवा. मग हाच धागा उलटा वाचावा लागेल.

शंख खाणाऱ्या लोच माशांचंही तसंच. क्लाउन लोच फूटभर वाढतो. झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रायटा, आपल्या कृष्णा खोऱ्यातला, पण तोही ५-६ च्या गटात लागतो, ३ इंचांच्या पुढे जातो आणि वाळू उकरतो. साडेतीन फुटांच्या खाली नको. शिवाय तो संकटग्रस्त आहे. पकडून आणलेले शक्यतो घेऊच नयेत.

या टाकीला एकच शिकारी बसतो, असॅसिन स्नेल, म्हणजे दुसऱ्या गोगलगायी खाणारी गोगलगाय. ६० लिटरला ३-४ पुरे. वाळूत लपून बसते, झाडं खात नाही, अंडी एकेक करून घालते म्हणून माजत नाही. पण घाई नको, फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. नेराइट असतील तर धोका आहे, असॅसिनला आपली-परकी कळत नाही.

वाळूचा कण

मारेकरी आणण्याआधी रसद तोडा. शंखांची संख्या खाद्यावर ठरते. एकटा फायसासुद्धा स्वतःच अंडी घालू शकतो, अंडी उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत फुटतात. त्यामुळे वेचून संपवू म्हणाल तर आयुष्य जाईल. खाद्य कमी केलं की अंडी कमी होतात आणि मोठे मरतात त्यांची जागा भरत नाही.

६ कोरी आहेत म्हणजे बुडणाऱ्या गोळ्या टाकत असणार, आणि बहुधा रात्री, दिवे गेल्यावर. तिथेच गडबड आहे. गोळी रात्रभर पडून राहिली की अर्धी कोरी खातात, अर्धी शंख. गोळी अर्धी करा, दिवे जायच्या आधी टाका, तासाभराने उरलेलं काढा. वरचं खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकंच. आठवड्यात एक दिवस उपास. निऑनना काही होत नाही.

जोडीला सापळा. काकडीची किंवा दुधीची बोटभर जाड चकती मिनिटभर उकळत्या पाण्यात काढून मऊ करा, स्टीलच्या काट्यात खोचा म्हणजे बुडेल. दिवे जाताना टाका, उजाडायच्या आत काट्यासकट उचला. उशीर केलात तर शंख पांगतात. हाताने उचलताना निम्मे गळतात, म्हणून चकती एखाद्या खोलगट बशीत ठेवून बशीच वर काढा. आठवड्यातून तीनदा, सलग महिनाभर. तेवढा जोर हवाच, अधूनमधून केलं तर उरलेल्यांना जास्त खाद्य मिळतं आणि ते भरभर अंडी घालतात.

टेट्राकाकू

फिल्टरच्या तोंडाला बारीक स्पंज लावा हेही सांगा. पिल्लू आत गेलं की इम्पेलरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या पात्यात अडकतं. मोटर खरखर करायला लागली, की आधी शंखच बघायचा.

आणि काठावरचे, शंख दिवसाढवळ्या घोळक्याने पाण्याच्या पृष्ठभागाशी जमले असतील तर तो वेगळा इशारा आहे. फायसा हवा घ्यायला वर येतो, ते नेहमीचं. पण वाळूतली ट्रम्पेट एकदम सगळी काच चढली तर ऑक्सिजन कमी नाहीतर अमोनिया. विदर्भातल्या उन्हाळ्यात पाणी ३३-३४ अंशांवर गेलं की हे हमखास. पृष्ठभाग हलता ठेवा, छोटा पंखा लावा.

नवशिका नांदूर

माझ्याकडे उलटा प्रश्न. शंख यायलाच नकोत यासाठी झाडं कशी धुवायची? तुरटी ऐकली आहे.

दगडफूल

तुरटी चालते. ४ लिटर पाण्यात सपाट मोठा चमचा, १५ ग्रॅम धरा, झाडं २ ते ३ तास बुडवून ठेवायची आणि वाहत्या पाण्यात धुवायची. मोठे शंख मरतात, जेलीतली अंडी सगळी मरतीलच असं नाही.

जाड पानांच्या झाडांना ब्लीच जास्त भरवशाचं. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी १९ भाग. अनुबियास आणि जावा फर्नला दोन मिनिटं, नाजूक देठाच्या झाडांना मिनिटभर. वॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, कबोंबा आणि मॉसना ब्लीच नकोच, सडतात. काढल्यावर लगेच ५ लिटर पाण्यात ग्रॅमभर हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) विरघळवून त्यात दहा मिनिटं ठेवा, मग वास घेऊन बघा. क्लोरीनचा वास येत असेल तर परत हायपो.

तुरटी आणि ब्लीच एकत्र कधीही करू नका, एकापाठोपाठ त्याच बादलीतही नाही. तुरटीचं पाणी आम्ल, त्यात ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो.

सगळ्यात पक्कं म्हणजे टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत जेलमध्ये वाढवलेली कपातली झाडं. त्यात ना शंख ना अंडी. जेल मात्र नीट धुवून काढायची. किंवा नवी झाडं तीन-चार आठवडे बादलीत उजेडात ठेवा, जे फुटेल ते चिरडा. ओढ्यातून, तळ्यातून झाडं आणणाऱ्यांनी तर बादलीशिवाय काही करू नये. शंखांबरोबर जळवा आणि चतुराच्या अळ्याही येतात, आणि चतुराची अळी निऑन खाते.

अनुबियासवाली

ओढ्यातल्या शंखांबद्दल आणखी एक. आपल्याकडच्या डबक्यातली मोठी तपकिरी रॅम्सहॉर्न, इंडोप्लॅनॉर्बिस, आणि लिम्निया या गुरांच्या चपट्या कृमींच्या वाहक आहेत. त्यांच्या अळ्या पाण्यात सुटून माणसाच्या कातडीत शिरल्या तर खाज आणि पुरळ येतं. टाकीत हात घालणारे आपणच असतो. बाहेरचा शंख थेट टाकीत नकोच. टाकीत जन्मलेल्या पिढीला ही अडचण नाही, कारण कृमीला पुढचं आयुष्य काढायला गाय-म्हैस लागते, आणि ती टाकीत मावत नाही.

बोलघेवडा बोंबील

सुक्याचा बेत रद्द.

मांजरबोका

मोठी पिवळी गोगलगाय कुर्ल्याच्या बाजारात दिसते ती ठेवावी का झाडांबरोबर?

कातरकाम

ती बहुधा मिस्ट्री स्नेल, पोमेसिया डिफ्यूजा. निरोगी झाडांना फारशी त्रास देत नाही. पण तिची बहीण पोमेसिया कॅनालिक्युलाटा झाडं फस्त करते. १९८० च्या सुमारास ती खाण्यासाठी म्हणून तैवानात नेली, तिथून आग्नेय आशियाभर पसरली आणि भाताची नवी रोपं खाऊ लागली. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाजवळच्या भातशेतीत पोमेसिया घुसल्यावर २०१२ साली युरोपीय संघाने अख्ख्या पोमेसिया वंशावरच बंदी घातली. अंडी दोघीही पाण्याच्या वर घालतात. डिफ्यूजाची फिकट, मळकट, कॅनालिक्युलाटाची भडक गुलाबी. भडक गुलाबी घोस दिसला तर खरवडून चिरडा.

आणि आपली देशी पायला, बीएस्सी झूऑलॉजीला जिची आकृती काढायला लागायची ती, तिला प्लांटेड टाकीत सोडणं म्हणजे बकरी बागेत सोडणं.

मिस्ट्री ठेवलीच तर रोज मोजा. एवढ्या मोठ्या जिवाचं मढं छोट्या टाकीत दिवसभर राहिलं तर अमोनिया चढतो. हलत नसेल तर उचलून वास घ्या. मेली असेल तर विचारावं लागत नाही.

काठावरचा

सगळ्यांचे आभार. मोरचूद रद्द.

तोंड डावीकडे, मिशा दोऱ्यासारख्या. अंडी लांबुळक्या पट्ट्या. रात्री टॉर्च मारून पाहिलं: खूण केलेल्या धड पानावर शंख फिरून गेले, पान जसंच्या तसं. भोकांना पिवळी कड आहे, वरच्या चार पानांना काही नाही.

किटचे आकडे: पीएच ६.८, जीएच ३, केएच २, नायट्रेट ४०. कोरीच्या गोळ्या रोज दोन, रात्री.

दगडफूल

मग चित्र स्पष्ट आहे. फायसा, आणि निर्दोष. नायट्रेट ४० म्हणजे खाद्य जास्त आणि नायट्रोजन भरपूर, पण धरणाच्या पाण्यात पोटॅशियम जवळपास नसतं आणि माशांच्या खाद्यातून पुरेसं येत नाही. नायट्रोजन मुबलक असल्याने झाडं वाढायला बघतात आणि पोटॅशियमसाठी खालची पानं मोडीत काढतात. मोरचूद टाकून शंख गेले असते, भोकं तशीच राहिली असती.

खालची चाळण झालेली पानं देठापासून कापून टाका. हायग्रोफिलाचे धड शेंडे ५-६ इंचांवर छाटून परत लावा. दोन आठवडे प्रत्येकी निम्मं पाणी बदला म्हणजे नायट्रेट उतरेल. मग ००:००:५० सुरू. जीएच ३ ला झाडांची तक्रार नसते, पण एक-दोन अंश जिप्समने वाढवलंत तर कॅल्शियमही मिळेल.

कातरकाम

या टाकीपुरतं मान्य. जमिनीलगतचं गवत लावणार नसाल तर फायसा राहू दे.

वाळूचा कण

गोळ्या आजपासून अर्धी, एकदाच. संख्या महिनाभराने बघा, त्याआधी नाही. उरतील त्या शंखांकडे मीटर म्हणून बघा: एकदम वाढले की खाद्य जास्त झालं किंवा कुठेतरी मासा नाहीतर पान सडतंय.

नवशिका नांदूर

सापळ्यात निघालेल्या शंखांचं काय करायचं? गटारात सोडले तर चालतील?

अनुबियासवाली

अजिबात नाही. फायसा मूळचा उत्तर अमेरिकेचा, आपल्या ओढ्यांत आधीच नको तितका पसरलाय. काचेवर बोटाने चिरडला तर निऑन आणि कोरी आवडीने खातात, पण एका वेळी चार-पाचच, नाहीतर परत खाद्य जास्त. बाकीचे पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये आणि मग ओल्या कचऱ्यात. टाकीचं पाणी झाडांच्या कुंड्यांत ओता, नाल्यात नको.

काठावरचा

आज रात्री काकडी. एक शंका: ००:००:५० ची किलोचीच पिशवी मिळतेय, सुटं देत नाहीत. आठवड्याला दीड ग्रॅम म्हणजे किती पुरेल?

दगडफूल

पावणेतेरा वर्षं. घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, वर नाव लिहा आणि स्वयंपाकघरात ठेवू नका, दिसायला मिठासारखं असतं. उरलेलं कुंडीतल्या टोमॅटोला.